नोंदवहीत न मांडलेले आनंद

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या मातापित्यांच्या मेळाव्यात धर्मगुरूंनी केलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या या वर्षी आपल्या धर्मग्रामात जे निरनिराळे मेळावे भरविण्यात आले, त्यांपैकी आजचा मेळावा लहान मुलांच्या आईबापांचा आहे. त्यांच्यापुढे दोन शब्द बोलण्याचे काम महोत्सव समितीने आमच्याकडे सोपविले, तेव्हा प्रथम आम्हांस हसू आले. ज्याने मध्यरात्री उठून कधी पाळणा हलविला नाही, ज्याच्या खांद्यावर कोणा लेकराने दूध ओकले नाही, त्याने आईबापांस त्यांच्या मुलांविषयी काय सांगावे? मागच्या बाकांवरील काही आजीबाई आताच पदराआड हसत आहेत, हे आम्हांस येथून दिसते. त्यांचे हसणे रास्त आहे. तथापि एक गोष्ट आमच्या वाट्यास तुमच्याहून अधिक आली आहे. तुम्ही आपापल्या दोनतीन मुलांचे वाढणे पाहता. आम्ही शेकडो मुलांचे पाहतो, आणि तेही तुमच्या चेहऱ्यांवर पाहतो. रविवारी पवित्र मिस्सा संपली की मंदिराच्या पायऱ्यांवर तुम्ही लेकरे आमच्यापुढे आणता. "फादर, हा आता मान धरतो." "फादर, ही काल पालथी पडली." "फादर, दात आला, बोट घालून पाहा!" आम्ही बोट घालतो, आणि दात आला आहे याची खात्री आम्हांस तत्क्षणी पटते. असे वृत्त सांगताना आईच्या मुखावर जे तेज दिसते, ते एखाद्याला मोठी पदवी मिळाल्याचे वृत्त सांगतानाही आम्ही फारसे पाहिलेले नाही.

या स्मरणिकेसाठी माहिती काढावी म्हणून गेले दोन महिने आम्ही धर्मग्रामाच्या जुन्या नोंदवह्या चाळीत होतो. स्नानसंस्काराची वही, दृढीकरणाची वही, विवाहाची वही, मृत्यूची वही. पन्नास वर्षांत कितीएक धर्मगुरूंची अक्षरे त्यांत उमटली आहेत. काहींची मोत्यांसारखी, काहींची, आमच्यासारखी, कोंबडीच्या पायांसारखी. मुलाचे नाव, जन्मतिथी, आईबाप, धर्ममातापिता, संस्कार देणाऱ्याची सही, एवढे एका ओळीत येते. त्यानंतर ते मूल वहीतून नाहीसे होते, ते प्रथम ख्रिस्तशरीर स्वीकारण्याच्या यादीत सातआठ वर्षांनी पुन्हा भेटते. स्नानसंस्काराच्या दिवशी ज्याला धर्ममातेने दुपट्यात गुंडाळून आणले होते, तेच आता पांढरा पोशाख घालून आपल्या पायांनी वेदीकडे चालत येते. मधल्या वर्षांत ते केव्हा हसले, केव्हा रांगले, भिंत सोडून पहिले पाऊल कोणत्या दिवशी टाकले, पहिला शब्द कोणता बोलले, याविषयी आमच्या वह्या मुक्या आहेत. तशी नोंद ठेवण्याची आज्ञाही ख्रिस्तसभेने धर्मगुरूंस दिलेली नाही. ती वही तुमच्या घरी आहे.

मधल्या वर्षांविषयी काही बोलते, ती एकटी मृत्यूची वही. तिची आरंभीची पाने वाचताना आमचे बोट ठिकठिकाणी थांबले. वय तीन महिने. वय अकरा महिने. वय दीड वर्ष. हे दुःख केवळ आपल्या गावचे नव्हते. १९७१ साली भारतात जन्मणाऱ्या दर हजार बालकांपैकी सुमारे १२९ बालके वर्षाच्या आत दगावत असत. २०२० साली हा आकडा २८ वर आला. आपल्या आज्यांना मुलाच्या वाढीचे कौतुक उघडपणे करण्याची धास्ती का वाटे, हे या आकड्यांवरून कळते. "चालू लागला" असे म्हणताना त्या आवाज खाली आणीत आणि मुलाच्या गालावर काजळाचे बोट लावीत. दृष्ट लागण्याची ही समजूत ख्रिस्ती घरांतून गेलेली नाही. तिच्यावर आम्ही प्रवचने केली आहेत, आणि त्यांचा उपयोग किती झाला हे तुम्हांस ठाऊक आहे. परंतु ती वही वाचल्यापासून त्या काजळाच्या बोटावर रागावणे आम्हांस पूर्वीइतके जमत नाही. नुकते चालू लागलेले मूल तापाने फणफणावे आणि ताप उतरल्यावर त्याचा एक पाय उठू नये, असेही त्या काळी घडे. त्या पोलिओचा भारतातील अखेरचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये आढळला, आणि मार्च २०१४ मध्ये आपला देश पोलिओमुक्त म्हणून घोषित झाला. लशीचे थेंब पाजण्यासाठी रविवारी मंदिराच्या सभागृहात रांगा लागत, त्या तुमच्यापैकी पुष्कळांस आठवत असतील. त्या रांगांत कडेवर असलेली मुले आज येथे आईबाप होऊन बसली आहेत.

लेकराच्या लहानसहान प्रगतीत एवढे काय, असे म्हणणारे लोक आहेत. त्यांत एखादा धर्मगुरूही असेल. त्यांनी पवित्र शास्त्र उघडून पाहावे. उत्पत्तीच्या पुस्तकात अब्राहामाने मोठी मेजवानी दिल्याचे लिहिले आहे. कशासाठी? लढाई जिंकली म्हणून नव्हे. इसहाकाचे अंगावरचे दूध तुटले म्हणून! म्हाताऱ्या बापाने त्या दिवशी शेजारीपाजारी बोलाविले आणि शास्त्राने तो दिवस विस्मृतीत जाऊ दिला नाही. शमुवेलाची आई हन्ना हिची कथाही तुम्ही जाणता. नवसाने झालेला मुलगा तिने शिलो येथील मंदिरात एली याजकाच्या स्वाधीन केला. पुढे दरवर्षी यज्ञासाठी ती तेथे जाई, तेव्हा त्याच्यासाठी एक लहानसा झगा शिवून नेई. आम्ही अनेकदा या झग्याचा विचार करतो. मूल समोर नाही. यंदा बाही किती लांब ठेवावी, उंची किती धरावी, हे ती कशावरून ठरवीत असेल? वर्षभर ती मनातल्या मनात त्याची वाढ मोजीत असली पाहिजे. परदेशी राहणाऱ्या नातवासाठी अंदाजाने कपडे घेणाऱ्या आजीबाई या सभागृहात आहेत. त्यांस हन्ना आमच्याहून अधिक कळेल. होशेय संदेष्ट्याने तर याच्याही पुढे जाऊन परमेश्वरालाच त्या ठिकाणी उभे केले आहे. एफ्राईमला हातांना धरून चालावयास शिकविणारा तो मीच, असे परमेश्वर म्हणतो, आणि त्या लेकराला ते उमगले नाही याचे त्याला दुःख होते. खाली वाकून, दोन्ही हातांची बोटे लेकराच्या मुठीत देऊन, पाठ दुखेपर्यंत अंगणात मागे मागे चालणारा बाप, हे चित्र संदेष्ट्याने कोठून घेतले असेल, ते तुम्हीच सांगा. नाझरेथमधील घराविषयी मात्र संत लूक एकदोन वाक्यांतच सांगतो की बालक वाढत गेले, बलवान झाले. पहिले पाऊल पवित्र मरियेकडे टाकले की संत योसेफाकडे, हे तो सांगत नाही. बहुधा एका हातात रंधा असताना योसेफाला ते दिसलेच नसेल!

यावरून आपल्याच धर्मग्रामातील एक गोष्ट आठवते. घर कोणाचे ते सांगत नाही. ज्यांचे आहे ते ओळखतील. बाप पहाटेच्या गाडीने वसई रोडवरून चर्चगेटला जाई आणि रात्री परते. तो निघे तेव्हा मूल निजलेले, परते तेव्हाही निजलेले. मूल बुधवारी दुपारी पाळण्याचा खांब सोडून तीन पावले चालले. आई होती, आजी होती, शेजारची मावशी होती. तिघी टाळ्या वाजवू लागल्या. मग आजीला काय सुचले कोण जाणे, तिने तोंडावर बोट ठेवून सांगितले, "त्याला बोलू नका." गुरुवार, शुक्रवार, शनिवार, तिन्ही दिवस त्या घराने हे गुपित पाळले. रविवारी मिस्सा आटोपून सर्व जण घरी आले. बाप ओटीवर वर्तमानपत्र घेऊन बसला होता. आजीने मुलाला त्याच्यापासून चार हातांवर उभे केले आणि आपण स्वयंपाकघरात गेली. थोड्याच वेळात बापाची आरोळी ऐकू आली, "अगं, बाहेर या! हा चालला! पहिल्यांदा चालला!" तिघीही धावत बाहेर आल्या आणि त्यांनी नवल केले. हे असत्य भाषण होते की काय, असा प्रश्न आजीने नंतर पापनिवेदनाबाहेर, उघडपणे आम्हांस विचारला. कोणी काही बोललेच नाही, तर असत्य कोठले, असे उत्तर आम्ही दिले. सेमिनरीतील आमच्या नीतिशास्त्राच्या गुरुजींस ते कितपत पटले असते, याची शंका आहे.

आता थोडे कडू. हा आनंद नासविणाऱ्या दोन गोष्टी आम्हांस दिसतात. एक म्हणजे फोन. मूल पाऊल उचलते आणि आईबाप ते पाहण्याऐवजी चित्र बरोबर येते की नाही ते पाहतात. बिचारे मूल समोर येते तो आईचे तोंड यंत्राआड! याविषयी अधिक बोलत नाही. आमच्या खिशातही तेच यंत्र आहे. दुसरी गोष्ट तुलना. "आमची दहाव्या महिन्यात चालली, तुमचा अजून बसतोच?" हे वाक्य विहिरीवर बोलले जाई, आता इमारतीच्या जिन्यात बोलले जाते, विष तेच. जागतिक आरोग्य संघटनेने घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या पाच देशांतील निरोगी मुलांचे निरीक्षण करून २००६ साली जे निष्कर्ष प्रसिद्ध केले, ते पाहावेत. त्यांत कोणी मूल आठव्या महिन्यात आधारावाचून चालले, तर कोणी सतराव्या महिन्याच्या अखेरीस. आणि दोन्ही निकोप. शंभरातील चार मुले तर मुळी रांगलीच नाहीत, आणि तरीही चालली. तेव्हा दहाव्या महिन्यात चालणाऱ्या मुलीच्या आईने देवाचे आभार मानावेत आणि शेजारणीस पाणी भरू द्यावे.

परंतु या धीराच्या उपदेशालाही एक मर्यादा आहे. ती आम्ही फार उशिरा शिकलो, आणि एका लेकराने तिचे मोल दिले. ही गोष्ट सांगण्याची अनुमती त्याच्या आईकडून आम्ही घेतली आहे. नाव आणि गाव मात्र सांगत नाही.

पंचवीस वर्षे होत आली. आम्ही तेव्हा किनाऱ्याकडील दुसऱ्या एका धर्मग्रामात सहायक धर्मगुरू होतो. अभिषेक होऊन फार दिवस झाले नव्हते आणि सर्व प्रश्नांची उत्तरे आमच्याजवळ होती. तेथे एक तरुण आई होती. तिच्या पहिल्या मुलीच्या वेळी तिने प्रत्येक गोष्टीचा सण केला होता. मुलगी बसू लागली, दात आला, पाऊल टाकले, की ही केळीच्या पानाच्या तुकड्यांवर गूळखोबरे ठेवून आळीत वाटी. लोक हसत, गूळखोबरे मात्र खात. मग तिला मुलगा झाला. त्याला स्नानसंस्कार आम्हीच दिला. तो दहा महिन्यांचा असताना ती त्याला घेऊन आमच्या कचेरीत आली. म्हणाली, "फादर, हा माझ्या हाकेला वळत नाही. सायंकाळची घंटा झाली की याची बहीण या वयात देवळाकडे बोट दाखवी. हा बघतसुद्धा नाही. मी मागे उभी राहून ताट वाजविले, तरी खेळतच राहिला." आम्ही त्या मुलाकडे पाहिले. तो गुटगुटीत होता, हसत होता, घशातून आवाजही काढीत होता. आम्ही त्याच्यापुढे दोन्ही हात नेऊन टाळी वाजविली. तो हातांकडे पाहून खुदकन हसला. "पाहिलेत?" आम्ही म्हणालो, "याला सारे ऐकू येते. मुलगे उशिरा बोलतात. तुम्ही उगाच बहिणीशी तुलना करता." आणि नऊ दिवसांची एक प्रार्थना तिच्या हाती देऊन आम्ही तिला वाटेस लाविले.

मुलाने आमची टाळी पाहिली होती, ऐकली नव्हती. आज हे आम्हांस एका क्षणात कळते. जन्मतः बहिरे मूलही आरंभीचे काही महिने हसते, हुंकारते, आवाज काढते. म्हणून घरादारास फसगत होते. त्या आईची मात्र फसगत झाली नव्हती. मुलीच्या प्रत्येक नव्या गोष्टीचा तिने आनंद केला होता. त्या आनंदाच्या ठायी आज काय रिकामे आहे, हे तिला बरोबर ठाऊक होते. तिच्याजवळ खरे ज्ञान होते आणि आमच्याजवळ केवळ अधिकार होता. तिने आमचे ऐकले. घरच्यांनी, "फादर सांगतात ना," असे म्हणून तिचे तोंड बंद केले. मूल दोन वर्षांचे होऊन गेल्यावर मुंबईस तपासणी झाली, तेव्हा दोन्ही कान जवळजवळ बंद असल्याचे कळले. भाषा शिकण्याच्या वयातील ती वर्षे सर्वांत मोलाची. त्यांतील सव्वा वर्ष आम्ही आमच्या शहाणपणाने घालविले.

आणखी एक गोष्ट आम्हांस टोचत राहिली. स्नानसंस्काराच्या विधीत धर्मगुरू अंगठ्याने मुलाच्या कानांस आणि ओठांस स्पर्श करून प्रार्थना करतो. आजच्या विधीत हा भाग ऐच्छिक आहे, तथापि आम्ही तो गाळीत नाही. संत मार्कने सांगितलेल्या त्या बहिऱ्या माणसाची आठवण त्यात आहे. प्रभूने त्याला गर्दीतून एकीकडे नेले, त्याच्या कानांत आपली बोटे घातली आणि कान मोकळे होण्याची आज्ञा केली. प्रभूने त्या एकट्यासाठी वेळ काढला. आम्ही मात्र ज्या कानांना अंगठा लाविला, त्यांचीच चौकशी करण्यास पाच मिनिटे दिली नाहीत.

म्हणून आज एवढेच सांगतो. बहुतेक उशीर हा उशीरच असतो, आणि तो आपोआप भरून निघतो. परंतु दीड वर्ष उलटूनही मूल चालत नसेल, सहासात महिन्यांचे होऊनही मागून आलेल्या आवाजाकडे वळत नसेल, आलेला शब्द किंवा आलेले हसू नाहीसे झाले असेल, तर आईच्या मनाची हुरहूर हीच पुरेशी साक्ष समजून त्याच आठवड्यात वैद्याकडे जावे. सासूबाईंस विचारीत बसू नये, आणि आम्हांसही विचारीत बसू नये. निजलेल्या तान्ह्याच्या कानाशी लहानसे यंत्र लावून जन्मानंतर पहिल्या काही दिवसांतही ऐकण्याची तपासणी आता करता येते. मुलांच्या अशा व्यंगांचा शोध लवकर घेण्यासाठी सरकारने जो राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम काढला, त्याचा आरंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याजवळच्या पालघर येथेच झाला. अंगणवाडीत आणि शाळेत मुले तपासावयास येणारी पथके त्याचीच आहेत. ती येतात त्या दिवशी मुलास घरी ठेवू नका. प्रार्थना अवश्य करा; वैद्याकडे जाताना वाटेत करा.

त्या मुलाच्या कानांस यंत्रे बसली, तो बहिऱ्या मुलांच्या शाळेत जाऊ लागला, घरातील सर्वांनी हातांची भाषा शिकून घेतली. जखऱ्या मुका झाला असता नातलगांनी त्याला खुणांनी विचारल्याचे संत लूकने लिहिले आहे. तसे ते घर झाले. आमची बदली व्हावयाची होती, त्याच सुमारास एका दुपारी ती आई कचेरीच्या दारात उभी राहिली. मुलगा तेव्हा पाच वर्षांचा होता. हातात केळीच्या पानाचा तुकडा होता. "फादर, काल याने मला आई म्हटले. नीट नाही म्हणाला. पण मला कळले." आम्ही उठलो आणि तिची क्षमा मागू लागलो. कित्येक दिवस जुळविलेली वाक्ये होती. तिने ती पुरी होऊ दिली नाहीत. म्हणाली, "फादर, आधी गूळखोबरे घ्या."

गेल्या वर्षी त्याच्या बहिणीच्या मुलीला स्नानसंस्कार देण्यासाठी त्या कुटुंबाने आम्हांस आवर्जून बोलाविले. मुलगी सात महिन्यांची होती. बाप परदेशी नोकरीस असल्याने संस्कार लांबला होता. मामा आता उंच, दाढी राखलेला तरुण आहे. संगणकावर नकाशे काढण्याचे काम करतो. आम्ही मुलीच्या कानांस अंगठा लाविला, तेव्हा तो आमच्या हाताकडे टक लावून पाहत होता. विधी संपला आणि मंडळी वेदीपुढे छायाचित्रासाठी उभी राहू लागली. तेवढ्यात तो हळूच भाचीच्या मागे गेला, तिला दिसणार नाहीत असे दोन्ही हात तिच्या डोक्यामागे नेले, आणि एक टाळी वाजविली. मुलीने गर्रकन मान वळविली. तो मोठ्याने हसला, आणि आपल्या आईकडे पाहून हातांच्या भाषेत काहीतरी बोलला. आम्ही तिला विचारले, काय म्हणतो? ती म्हणाली, "गूळखोबरे आणलेस का, असे विचारतो."